टर्मिनेटर पहिल्यांदा पाहताना: कातडी कोणाची आणि बटण कोणाच्या हातात

आमच्या गल्लीतल्या मंडळाची एक खोली आहे. गणपतीचे दिवस सोडले तर तिच्यात ढोल, ताशे आणि मांडवाचे बांबू यांचाच मुक्काम असतो. तीन पावसाळ्यांपूर्वी, बेळगावचा पाऊस लागला की बाहेर पडता येत नाही म्हणून, गल्लीतल्या मुलांना तिथे रविवारी दुपारी टर्मिनेटर या, भविष्यातून आलेल्या मारेकरी यंत्रांच्या हॉलीवूड मालिकेतील चित्रपट दाखवायचे ठरले. कोणता आधी लावायचा हे कोणी विचारले नाही. ज्या मुलाकडे ते होते त्याने सगळ्यांत चकचकीत दिसणारा, म्हणजे २०१५ सालचा लावला. पहिल्या अर्ध्या तासात पडद्यावर जे घडले ते जुन्या चित्रपटांतील प्रसंगांची उलटापालट करणारे असल्यामुळे, जुने काहीच न पाहिलेल्या आमच्या मंडळींना त्यातले काही कळेना. मध्यंतरापर्यंत निम्मी खोली रिकामी झाली. चूक माझीच होती, कारण खोलीत ही मालिका पूर्वी पाहिलेला मी एकटाच होतो आणि मी गप्प बसलो होतो. पुढच्या रविवारपासून जो क्रम आम्ही पाळला आणि जो आजवर तीन वेगवेगळ्या गटांना उपयोगी पडला, तोच येथे मांडतो आहे.

आधी दोन शब्द नीट समजून घ्यावेत

या मालिकेत रोबो आणि सायबोर्ग हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ तेथेच होतो. रोबो हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकातून १९२१ साली रंगमंचावर आला. त्याचे मूळ 'रोबोटा' या चेक शब्दात आहे आणि त्याचा अर्थ वेठीचे काम, वेठबिगारी. गंमत अशी की चापेकचे रोबो लोखंडाचे नव्हतेच; ते कृत्रिम पण मांसल देहाचे होते. सायबोर्ग हा शब्द त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९६० मध्ये, मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोघांनी घडवला. अंतराळात टिकून राहावे म्हणून ज्याच्या शरीराला यंत्राची जोड दिली आहे असा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे होता. म्हणजे सायबोर्गमध्ये मूळचा माणूस असतो आणि यंत्र नंतर येते.

आता टर्मिनेटरकडे पाहावे. त्याचा सांगाडा धातूचा, मेंदू म्हणजे एक चिप, आणि त्यावर प्रयोगशाळेत वाढवलेले खरेखुरे मांस, कातडी, केस आणि रक्त. चित्रपटात त्याला सायबोर्ग म्हटले जाते, कारण जिवंत आणि निर्जीव असे दोन्ही त्याच्यात आहे. पण क्लाइन्स आणि क्लाइन यांच्या मोजपट्टीवर तो बसत नाही, कारण त्याच्यात माणूस कधी नव्हताच. मांस हा त्याचा सदरा आहे.

मी वीस वर्षे उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, मशीन शॉपमध्ये काढली. तिथल्या प्रत्येक सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणाऱ्या यंत्रावर, 'सायकल स्टार्ट' असे एक हिरवे बटण असते. प्रोग्राम कोणी लिहिला, कापायचा जॉब कोणी बांधला, कापणारे टूल कोणी लावले हे सगळे बाजूला राहते. ते बटण कोण दाबतो यावर पुढची जबाबदारी ठरते. ही मालिका पाहताना प्रत्येक यंत्राबद्दल आणि प्रत्येक अर्ध्यामुर्ध्या माणसाबद्दल दोनच प्रश्न विचारावेत, असे मी मुलांना सांगतो: बाहेरची कातडी कोणाची आहे, आणि आतले बटण कोणाच्या हातात आहे? एका साध्या वहीत दोन रकाने आखून प्रत्येक चित्रपटानंतर ही दोन उत्तरे लिहावीत. रोबो आणि सायबोर्ग यांच्यातला फरक व्याख्या पाठ न करता लक्षात येतो आणि मालिका कोणत्या दिशेने सरकत गेली तेही दिसते.

पहिला रविवार: १९८४

सुरुवात १९८४ च्या 'द टर्मिनेटर' या चित्रपटापासूनच करावी. याला पर्याय नाही. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन, लांबी १०७ मिनिटे, खर्च सुमारे ६४ लाख डॉलर, म्हणजे हॉलीवूडच्या हिशेबाने गरिबीच. कॅमेरॉन रोममध्ये तापाने फणफणला असताना त्याला आगीतून बाहेर येणाऱ्या धातूच्या सांगाड्याचे स्वप्न पडले आणि त्यावरून कथा सुचली. चित्रपट आपणच दिग्दर्शित करू या अटीपायी त्याने कथेचे हक्क निर्माती गेल अ‍ॅन हर्ड हिला एका डॉलरला विकले. हा एक डॉलर लक्षात ठेवावा. पुढच्या चित्रपटांतला गोंधळ समजायला तो उपयोगी पडेल.

कथा थोडक्यात अशी आहे. अमेरिकेच्या संरक्षणासाठी बांधलेले स्कायनेट नावाचे संगणकजाळे स्वतः विचार करू लागते आणि अणुयुद्ध पेटवून मानवजात जवळजवळ संपवते. उरलेली माणसे लढतात आणि २०२९ साली जिंकण्याच्या बेतात येतात. तेव्हा स्कायनेट एक यंत्र मागे, १२ मे १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये पाठवते. माणसांच्या नेत्याची आई, सारा कॉनर नावाची हॉटेलात काम करणारी एक साधी मुलगी, तिला मूल होण्याआधीच मारायचे, एवढेच त्याचे काम. तिला वाचवण्यासाठी माणसांकडून काइल रीस हा एक सैनिक येतो. अर्नोल्ड श्वार्झनेगर, लिंडा हॅमिल्टन आणि मायकल बीन यांनी या तीन भूमिका केल्या आहेत.

चित्रपट लावण्याआधी आजच्या मुलांना एक वस्तू समजावून सांगावी लागते, ती म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी. यंत्राला साराचा चेहरा माहीत नाही, फक्त नाव आणि शहर माहीत आहे. त्यामुळे ते सार्वजनिक फोनजवळच्या जाडजूड पुस्तकात सारा कॉनर नावाच्या बायका शोधते आणि क्रमाने एकेकीच्या दारात जाते. त्यात राग नाही, घाई नाही, एखाद्या तलाठ्याने यादीवर खुणा कराव्यात तसा थंडपणा आहे. हे यंत्र बेळगावात एखाद्या पाटलाला शोधायला आले असते तर पुढच्या चित्रपटात सांगितलेली त्याची १२० वर्षे चालणारी बॅटरीसुद्धा पुरली नसती, असे आमच्या खोलीत कोणीतरी म्हणाले, आणि त्या हशात डिरेक्टरी मुलांच्या डोक्यात पक्की बसली.

यातली यंत्रांची नावे नवख्याला चकवतात. टी-८०० हे सांगाड्याच्या मालिकेचे नाव आहे आणि मॉडेल १०१ हे त्यावर चढवलेल्या चेहऱ्याचे. एकाच इंजिनावर वेगवेगळ्या बॉड्या बसवाव्यात तसा हा प्रकार आहे. म्हणूनच भविष्यातील युद्धाच्या एका तुकड्यात माणसांच्या भुयारात शिरणाऱ्या यंत्राचा चेहरा वेगळाच दिसतो. ती भूमिका श्वार्झनेगरचा शरीरसौष्ठवपटू मित्र फ्रँको कोलंबू याने केली आहे. त्याआधीच्या ६०० मालिकेची कातडी रबरी होती आणि ती लगेच ओळखू येई, असे काइल साराला सांगतो. खऱ्या कातडीचा टर्मिनेटर ओळखतात ते कुत्रे. म्हणून भुयाराच्या तोंडाशी कुत्री बांधलेली असतात. आमच्याकडच्या एका मुलाच्या मामाकडे मुधोळ जातीचा कुत्रा आहे. त्याने पुढचा आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला त्या कुत्र्यापुढून चालायला लावले.

माणसाच्या रूपात नसलेली मारेकरी यंत्रेही याच तुकड्यांत दिसतात. कवट्यांवरून चालणारे अजस्र रणगाडे आणि वरून प्रकाशझोत टाकीत फिरणारी विमाने यांना हंटर-किलर म्हणतात. ती शुद्ध रोबो आहेत. वहीत त्यांच्या नावापुढे कातडीच्या रकान्यात 'नाही' आणि बटणाच्या रकान्यात 'स्कायनेट' असे लिहून मोकळे व्हावे.

पाहताना दोन ठिकाणी चित्र थांबवले तरी चालेल. पहिले, यंत्राच्या नजरेतून दिसणारा लाल पडदा. त्यावर वरून खाली सरकणाऱ्या ओळी मनाने रचलेल्या नाहीत. त्यात त्या काळच्या ॲपल संगणकात असलेल्या ६५०२ या प्रोसेसरचा खराखुरा असेंब्ली कोड, म्हणजे प्रोसेसरला द्यायच्या हुकमांच्या ओळी, आहे. आमच्याकडे अभियांत्रिकीची मुले पुष्कळ असतात, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालयच गावात असल्यामुळे. त्यांच्यापैकी एकाने त्या ओळी वाचून दाखवल्या तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना तो क्षणभर टर्मिनेटरच वाटला. दुसरे ठिकाण म्हणजे पोलिस चौकीतले 'आय'ल बी बॅक' हे प्रसिद्ध तीन शब्दांचे वाक्य. आत सोडत नाहीत म्हटल्यावर यंत्र इकडेतिकडे पाहते, आपण परत येऊ असे सांगते आणि निघून जाते. श्वार्झनेगरला त्यातला 'आय'ल' हा आखूड उच्चार जमत नव्हता, म्हणून 'आय विल' असे पूर्ण उच्चारू द्यावे असा त्याचा आग्रह होता. कॅमेरॉनने तो मानला नाही. मराठी माणसाला या वाक्याचे नवल वाटायचे कारण नाही, कारण आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणणे अशुभ मानतात आणि प्रत्येक जण 'येतो' म्हणूनच उंबरा ओलांडतो. पण 'येतो' म्हणून गेलेला मनुष्य परत कसा येतो हे पाहिल्यावर आमच्या खोलीतल्या दोन आज्यांनी तो शब्द आठवडाभर जपून वापरला.

चित्रपटाचा शेवट एका कारखान्यात होतो. शेवट सांगणार नाही. पण त्यातला एक तपशील उद्यमबागेच्या माणसाने बारकाईने पाहावा. पाठलाग चुकवण्यासाठी काइल तिथली सगळी स्वयंचलित यंत्रे चालू करतो, म्हणजे त्यांच्या हालचालीत आणि आवाजात आपण सापडणार नाही. यंत्रापासून लपायला यंत्रांच्याच गर्दीत शिरायचे, ही कल्पना ज्याने रात्रपाळीत दहा मशीनच्या मधून चालत जाऊन समोरच्याला हाक मारली आहे आणि ती ऐकू गेलेली नाही, त्याला लगेच पटते. आमच्याबरोबर पाहायला बसलेल्या, हायड्रॉलिक प्रेसवर उभा जन्म घालवलेल्या एका ज्येष्ठाने मात्र शेवटचा प्रसंग संपताच, बाकी सगळे श्वास रोखून बसले असताना, एवढेच म्हटले, "गार्ड नाही, सेफ्टी नाही. असला प्रेस चालू ठेवलाच कुणी?"

या चित्रपटातला उघडा सांगाडा दोन प्रकारे हलवला आहे. जवळच्या दृश्यांत स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेने केलेली पूर्ण आकाराची बाहुली माणसांनी हातांनी चालवली आहे. दुरून चालताना दिसतो तो लहान आकाराचा पुतळा आहे, एकेका चित्रचौकटीसाठी किंचित हलवून टिपलेला. त्यामुळे त्याची चाल थोडी अडखळती दिसते आणि आजची मुले हसतात. हसू द्यावे. पाचेक मिनिटांत ती हसायची थांबतात, कारण ती अडखळती चालच थांबत नाही. "अण्णा, हे मरतंय तरी कवा?" असे मला ज्याने विचारले तो नववीतला मुलगा तोपर्यंत खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता.

दुसरा रविवार: १९९१

मध्ये आठवडा जाऊ द्यावा आणि या आठवड्यात 'टर्मिनेटर २: जजमेंट डे' याची जाहिरात, पोस्टर किंवा कोठलीही छोटी चित्रफीत पाहू नये. पहिल्या अर्ध्या तासात भविष्यातून दोघे येतात आणि कोण कोणाच्या बाजूचा आहे हे प्रेक्षकाला कळू न देता कॅमेरॉनने कथा रचली होती. त्या वेळच्या जाहिरातीनेच ते गुपित फोडले. ज्या थोड्या भाग्यवंतांना ते आजही माहीत नाही, त्यांनी या भागातला पुढचा मजकूर चित्रपट पाहून झाल्यावर वाचावा.

येथे श्वार्झनेगर पुन्हा टी-८०० आहे, पण माणसांनी पकडून नव्याने प्रोग्राम केलेला, आणि त्याचे काम आता साराच्या दहा वर्षांच्या मुलाला, म्हणजे पुढे माणसांचा नेता होणाऱ्या जॉन कॉनरला, वाचवण्याचे आहे. त्याच्यासमोर आहे टी-१०००, रॉबर्ट पॅट्रिक या सडपातळ नटाने केलेला. तो कातडी पांघरतच नाही. तो सगळाच द्रवरूप धातूचा आहे, ज्याला स्पर्श करील त्याचे रूप घेतो, हातांची धारदार पाती करतो, गजांमधून ओघळून जातो. वहीतला कातडीचा रकाना येथे पहिल्यांदा अडतो. कोणाची कातडी? कोणाचीही. नीट ऐकणाऱ्याने येथे आणखी एक शंका काढावी: काळातून मागे जाताना जिवंत मांसाखेरीज काही जात नाही, म्हणून तर सगळे उघडेवाघडे उतरतात, असे पहिल्या चित्रपटात सांगितले होते, मग निव्वळ धातूचा हा इसम आला कसा? चित्रपट याचे उत्तर देत नाही. आमच्याकडच्या वहीत ही शंका तीनही वर्षे वेगवेगळ्या मुलांनी लिहिली आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

सुमारे १० कोटी डॉलर खर्चाचा हा चित्रपट त्या काळचा सर्वांत महागडा समजला गेला, तरी संगणकाने काढलेला टी-१००० त्यात मिनिटांच्या हिशेबाने फार थोडा वेळ दिसतो. बाकीची करामत हाताची आहे. गोळी लागल्यावर छातीवर उमलणारी चंदेरी फुले म्हणजे कपड्याखाली दाबून बसवलेले, स्प्रिंगने उघडणारे, चकाकीचा थर दिलेले रबरी तुकडे. जेथे एकच माणूस दोनदा दिसायला हवा तेथे जुळी भावंडे उभी केली आहेत: रुग्णालयातल्या पहारेकऱ्यासाठी जुळे भाऊ आणि साराच्या काही दृश्यांसाठी लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीण लेस्ली. थोड्या मोठ्या विशेष आवृत्तीत टी-८०० च्या डोक्यातून चिप काढण्याचा प्रसंग आरशासमोर घडतो. तेथे आरसा नाहीच. चौकटीच्या पलीकडे दुसरी खोली उभारली आहे आणि दोन बहिणी एकमेकींच्या हालचाली तंतोतंत उलट करीत आहेत. हे माहीत नसताना तो प्रसंग एकदा पाहावा आणि माहीत झाल्यावर पुन्हा पाहावा. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, त्यांत दृश्यपरिणामांचे आणि रंगभूषेचेही आहे.

मात्र आपल्या वहीच्या दृष्टीने खरी वळणाची गोष्ट वेगळीच आहे. टी-८०० चे बटण येथे एका दहा वर्षांच्या पोराच्या हातात येते. तो सांगेल ते यंत्राला करावेच लागते, आणि मुलगा सगळ्यांत पहिला महत्त्वाचा हुकूम कोणता देतो तर माणसे मारायची नाहीत. मारेकरी यंत्र तसेच आहे, ताकद तीच, बंदुका त्याच, फक्त हुकूम देणारा बदलला. त्याच वेळी सारा, जी पहिल्या चित्रपटात घाबरलेली मुलगी होती, ती एका प्रसंगात हातात बंदूक घेऊन एका शास्त्रज्ञाच्या घरापर्यंत जाते, कारण त्याचे संशोधन पुढे स्कायनेटला जन्म देणार असते. तिची चाल, तिचा न हलणारा चेहरा, निशाण्याचा तो लाल ठिपका पाहावा. त्या पाच मिनिटांत टर्मिनेटर ती आहे. मला विचाराल तर साऱ्या मालिकेत रोबो, सायबोर्ग आणि माणूस यांच्यातली रेघ इतकी पातळ पुन्हा कधी झाली नाही.

शेवट पोलाद वितळवण्याच्या कारखान्यात होतो. ज्या घरात कोणी फाउंड्रीत कामाला आहे त्या घरातल्या माणसाला त्या लाल उजेडाची धग वेगळी सांगावी लागत नाही.

येथे थांबलात तरी चालेल

हे दोन चित्रपट मिळून गोष्ट पूर्ण होते आणि नवख्याने येथेच मालिका बंद केली तर त्याचे काही नुकसान नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी: पुढचे चित्रपट एका सरळ रेषेत नाहीत. मघाशी सांगितलेला तो एक डॉलरचा हक्क पुढे कंपन्या बुडाल्या तसा हातोहात फिरला. जमिनीच्या उताऱ्यावर नावे बदलत जावीत आणि प्रत्येक नव्या मालकाने बांध आपल्या सोयीने घालावा, तसे प्रत्येकाने आधीच्यातले जेवढे हवे तेवढेच ठेवले. आमच्या गावालाच पाट्यांवर दोन नावे आहेत, त्यामुळे एकाच पात्राच्या दोन हकिकती खऱ्या असू शकतात हे आम्हाला समजायला जड गेले नाही. इतरांनी थोडा संयम ठेवावा.

त्यामुळे दुसऱ्या चित्रपटानंतर तीन फाटे फुटतात, आणि एका वेळी एकच धरावा. पहिल्या फाट्यावर २००३ चा तिसरा आणि २००९ चा चौथा चित्रपट येतो. दुसऱ्या फाट्यावर २००८ आणि २००९ मध्ये दोन हंगामांत आलेली, ३१ भागांची सारा कॉनरवरची दूरचित्रवाणी मालिका आहे; तिच्यातली कॅमेरॉन नावाची मुलीच्या रूपातली टर्मिनेटर समर ग्लाऊने अशी केली आहे की बटण कोणाच्या हातात आहे हे कित्येक भाग ठरवता येत नाही. वेळ असणाऱ्याने ही मालिका जरूर पाहावी, मात्र ती अर्ध्यावर बंद पडली हे मनाशी धरून. तिसरा फाटा म्हणजे २०१९ चा 'डार्क फेट', जो मधले सगळे बाजूला ठेवून थेट १९९१ ला जोडला आहे आणि ज्यात लिंडा हॅमिल्टन सारा म्हणून परत येते. २०१५ चा 'जेनिसिस' या कोणत्याच फाट्यावर बसत नाही; तो पहिल्या दोघांची घडी विस्कटून नवी घालतो, म्हणून तो सगळ्यांत शेवटी. आमची चूक नेमकी तीच होती.

२००३ च्या चित्रपटावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. त्यातली टी-एक्स ही धातूचा सांगाडा आणि वर द्रव धातू असे दोन्ही घेऊन येते आणि दुसऱ्या यंत्रांना आपल्या ताब्यात घेऊ शकते. वहीत एवढे टिपावे की बटण चोरताही येते, हे मालिकेने येथे ठळकपणे दाखवले. शेवटची दहा मिनिटे मात्र अनपेक्षितपणे चांगली आहेत.

आता खरे सायबोर्ग. ज्यांना २००९ चा 'साल्व्हेशन' कोरा पाहायचा आहे त्यांनी हा परिच्छेद वगळावा. मार्कस राइट हा देहदंडाची शिक्षा झालेला कैदी २००३ मध्ये आपले शरीर संशोधनासाठी लिहून देतो आणि २०१८ च्या उद्ध्वस्त जगात जागा होतो. तो स्वतःला माणूस समजतो. हृदय त्याचे, मेंदू त्याचा, पण सांगाडा यंत्राचा, आणि आपण कोणी पाठवल्यासारखे एका ठिकाणी का चाललो आहोत हे त्याला ठाऊक नाही. क्लाइन्स आणि क्लाइन यांच्या मूळ अर्थाने मालिकेतला हा पहिला मोठा सायबोर्ग, आणि त्याचे बटण कोणाच्या हातात आहे हाच चित्रपटाचा विषय आहे. चित्रपट ढिला आहे, पण आमच्या वहीत सर्वांत जास्त खाडाखोड मार्कसच्या पानावर झाली.

'डार्क फेट' मधली ग्रेस याच्या पुढे जाते. ती २०४२ मधून आलेली, शस्त्रक्रियेने बळकट केलेली सैनिक आहे आणि आपण माणूसच असल्याचे ती ठणकावून सांगते. मॅकेन्झी डेव्हिसने तिची ताकद जितकी दाखवली आहे तितकाच तिचा थकवाही दाखवला आहे: थोडा वेळ प्रचंड वेगाने लढल्यावर तिचे शरीर कोसळते आणि औषधे मिळाली नाहीत तर ती उभी राहू शकत नाही. यंत्र थकत नाही, सायबोर्ग थकतो. माझ्या मते हा या पात्राचा सर्वांत नेमका तपशील आहे. तिच्यासमोरचा रेव्ह-९ आपला सांगाडा आणि आपली द्रव कातडी सुटी करून दोन स्वतंत्र मारेकरी होतो. म्हणजे १९८४ मध्ये सदरा असलेली कातडी आता स्वतःच चालू लागली. रेव्ह-९ ला पाठवणाऱ्या शत्रूचे नावही येथे स्कायनेट राहिलेले नाही. ते लीजन आहे.

'जेनिसिस' बद्दल एवढेच की, त्याच्याही जाहिरातींनी त्यातला सर्वांत मोठा धक्का आधीच उघड केला, तेव्हा पोस्टरकडे न पाहता तो लावावा.

दाखवण्याची तयारी

गटाने पाहायचे असेल तर काही साध्या गोष्टी आधी कराव्यात. पहिला, दुसरा, तिसरा आणि २०१९ चा चित्रपट यांना अमेरिकेत प्रौढांसाठीचे आर प्रमाणपत्र आहे. रक्तपात आहे, पहिल्यात एक शृंगारप्रसंगही आहे. त्यामुळे लहान मुलांना बसवू नये आणि थोड्या मोठ्यांना बसवायचे तर त्यांच्या घरी आधी सांगावे. हिंदी आवाज दिलेली आवृत्ती सोपी वाटते, पण श्वार्झनेगरचा जड ऑस्ट्रियन उच्चार हा त्या यंत्राच्या अस्तित्वाचाच भाग आहे. म्हणून आम्ही मूळ इंग्रजी लावतो आणि खालच्या ओळी भरभर वाचता न येणाऱ्यांच्या शेजारी एकाला बसवून हळू आवाजात मराठीत, आणि पलीकडच्या बाकावर कन्नडमध्ये, सांगायला लावतो. पहिला चित्रपट बहुतेक रात्रीचा आहे, तेव्हा खिडक्यांना मांडवाचे काळे कापड लावल्याशिवाय दुपारी काही दिसत नाही. ब्रॅड फीडेल यांच्या संगीतातला तो धातूचा ठोका ऐकू येण्यासाठी आवाजाची सोय बरी असावी; तो त्यांनी घरच्या बिडाच्या तव्यावर वाजवून मिळवला होता, आणि त्याची मात्रा तेरा सोळांशाची, अडखळती आहे. आमच्या ढोलपथकातल्या पोरांनी ती धरायचा प्रयत्न केला आणि दर आवर्तनाला कोणीतरी एक टिपरू जास्त मारले.

पावसात वीज जाते. ती गेली की वही काढावी आणि जेवढे पाहून झाले तेवढ्याचे रकाने भरून घ्यावेत.

एवढे सगळे झाल्यावर ज्यांची हौस उरली असेल त्यांच्यासाठी २०२४ ची 'टर्मिनेटर झिरो' ही आठ भागांची जपानी ॲनिमेशन मालिका आहे. १९९१ च्या चित्रपटात प्रलयाची तारीख २९ ऑगस्ट १९९७ अशी सांगितली होती. ही मालिका त्याच दिवसांतल्या टोकियोत घडते आणि प्रदर्शितही २९ ऑगस्टलाच झाली. तिच्यात स्कायनेटला तोड म्हणून एक शास्त्रज्ञ कोकोरो नावाची दुसरी बुद्धी घडवतो आणि तिला चालू करायचे की नाही यावर तिच्याशीच वाद घालत बसतो. आमचा तिसरा गट सध्या तिच्या चौथ्या भागावर आहे. बटणाच्या रकान्यात त्यांनी पेनने काही लिहिलेले नाही, पेन्सिलीने लिहिले आहे.